आर्क्टिकची लक्झरी एक्स्पिडिशन क्रूझ: एवढे लाख नक्की कशाचे?

पंधरा-वीस लाख रुपये भरायचे, बर्फ आणि अस्वल बघायला जायचं, अस्वल दिसेलच याची गॅरंटी नाही, जहाज कुठल्या दिवशी कुठे असेल ते कंपनी लिहून देत नाही, आणि वर बारीक अक्षरात छापलेलं की हवामान आणि बर्फ बघून मार्ग कधीही बदलू शकतो. असलं माहितीपत्रक हातात आलं की कुठलाही शहाणा माणूस पहिलं हेच विचारणार, अहो मग पैसे घेताय कशाचे? प्रश्न रास्त आहे. आणि उत्तर म्हणून समोर येतात ते नुसते निळ्या बर्फाचे फोटो, म्हणून हा सगळा प्रकार चालतो कसा ते जरा उलगडून लिहितेय. उदाहरण म्हणून स्वालबार्ड, म्हणजे नॉर्वेची आर्क्टिकमधली बेटं घेते, कारण या धंद्यातलं सगळं बरंवाईट तिथे एका जागी बघायला मिळतं.

क्रूझ म्हटलं की आपल्या डोक्यात तीन-चार हजार माणसं, पूल, कॅसिनो, रात्री शो आणि सकाळी नवीन बंदर. एक्स्पिडिशन क्रूझमध्ये जहाज लहान असतं, शंभर ते अडीचशे पाहुणे, आणि जिथे जायचं तिथे बंदरच नसतं, धक्का नाही, रस्ता नाही, टपरी नाही, मोबाईलची रेंज तर सोडूनच द्या. जहाज खाडीत उभं राहतं, क्रेनने रबरी होड्या पाण्यात सोडतात, त्यांना झोडिअ‍ॅक म्हणतात, एकेका होडीत दहाएक जण बसायचं आणि किनाऱ्याला होडी टेकली की गमबूट घालून सरळ पाण्यात पाय टाकायचा. होडीत चढताना-उतरताना खलाशाचा हात हातात धरायचा नाही, एकमेकांचं मनगट पकडायचं, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून हे घोटून घेतात. या पद्धतीचं पर्यटन सुरू केलं लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन माणसाने, १९६६ ला तो पर्यटकांना अंटार्क्टिकाला घेऊन गेला आणि १९६९ ला खास या कामासाठी जहाजच बांधून घेतलं. आजच्या सगळ्या चकचकीत जहाजांचं मूळ तिथे आहे, फक्त तेव्हा बटलर नव्हते.

आता स्वालबार्ड. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या बऱ्याच उत्तरेला, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशामध्ये पसरलेला हा बेटांचा पुंजका. आपली मुंबई १९ अंशावर, यावरून काय तो अंदाज घ्या. मुख्य गाव लॉंगइयरबेन, वस्ती अडीच हजाराच्या आसपास, ऑस्लोहून विमानाने तीन तास. जमिनीचा सुमारे ६० टक्के भाग हिमनद्यांखाली आहे आणि गावाबाहेर पडायचं तर ध्रुवीय अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असलंच पाहिजे असा कायदा आहे, म्हणून बंदूक खांद्याला लावून फिरणारी माणसं तिथे अगदी रोजचं दृश्य.

पण एवढ्या उत्तरेला साध्या जहाजाने पोचता येतं कसं? कारण समुद्राचा प्रवाह. अटलांटिकमधलं कोमट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने वर सरकत सरकत स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतं, त्यामुळे ती बाजू वर्षातला बराच काळ मोकळी असते. त्याच अक्षांशावर ग्रीनलँडचा ईशान्य किनारा किंवा कॅनडाची उत्तरेची बेटं बघा, तिथे भर उन्हाळ्यातसुद्धा बर्फ अडवून बसलेला असतो. स्वालबार्डच्या पूर्वेला मात्र उलटं, तिथे ध्रुवाकडून थंड पाणी आणि तरंगता बर्फ खाली येतो, म्हणून पश्चिम बाजू सोपी आणि पूर्व बाजू लहरी. माहितीपत्रकात "संपूर्ण बेटाला प्रदक्षिणा" असं लिहिलेलं असेल तर ती जमते ती बहुतेक जुलैच्या शेवटापासून पुढे, मे-जूनमध्ये कोणी तसं सांगत असेल तर त्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

हा लहरीपणा सांभाळायचा कसा, तर बर्फाच्या नकाशाने. नॉर्वेचं हवामान खातं सोमवार ते शुक्रवार रोज एक नकाशा काढतं, त्यात समुद्रावर बर्फ किती दाट आहे ते रंगाने दाखवलेलं असतं, निळा म्हणजे मोकळं पाणी, हिरवा-पिवळा म्हणजे विरळ, नारिंगी-लाल म्हणजे दाट, आणि राखाडी म्हणजे किनाऱ्याला चिकटून घट्ट गोठलेला. कॅप्टन आणि एक्स्पिडिशन लीडर, म्हणजे कार्यक्रम ठरवणारा मुख्य माणूस, हे दोघं रोज तो नकाशा, वाऱ्याचा अंदाज आणि उपग्रहाचे फोटो घेऊन बसतात. वारा फिरला की काल मोकळी असलेली खाडी आज बंद होते. म्हणून छापील कार्यक्रम हा लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखा धरायचा, हेतू प्रामाणिक असतो, पण घड्याळ वेगळंच चालतं. रोज संध्याकाळी पाहुण्यांना हॉलमध्ये बसवून उद्याचा बेत सांगतात आणि लीडरच्या डोक्यात तेव्हाच दुसरा आणि तिसरा बेत तयार असतो. अनुभवी लीडर आणि नवखा लीडर यातला फरक पैशात मोजता येत नाही, आणि गंमत म्हणजे माहितीपत्रकात सूटच्या बाथरूमच्या संगमरवराचं वर्णन दोन परिच्छेद असतं, लीडरचं नाव मात्र शोधून सापडत नाही.

जहाजाच्या मजबुतीचीही एक भाषा आहे, ती कळली की अर्ध्या जाहिराती कळतात. ध्रुवीय जहाजांना पीसी १ ते पीसी ७ अशी श्रेणी असते, पीसी म्हणजे पोलर क्लास, आकडा जितका लहान तितकं जहाज बर्फाला भारी. बऱ्याचशा नव्या लक्झरी एक्स्पिडिशन बोटी पीसी ६ आहेत, म्हणजे उन्हाळ्यात आणि शरदात, एकाच हिवाळ्यात तयार झालेल्या मध्यम जाडीच्या बर्फातून जायला त्या चालतात. हे आइसब्रेकर नव्हेत. बर्फ फोडत जाणं आणि बर्फाच्या तुकड्यांमधून हळूहळू वाट काढत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विक्रीवाला माणूस त्या एकाच वाक्यात बसवतो. अपवाद आहे, पोनां या फ्रेंच कंपनीचं "ल कमांडां शार्को", ते पीसी २ आहे, वर्षं-वर्षं जुन्या कठीण बर्फातूनसुद्धा जातं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ते थेट भौगोलिक उत्तर ध्रुवावर जाऊन आलं. तिथली तिकिटं मात्र आपण इथे बोलतोय त्याच्याही वरची.

दिवस कसा जातो? सकाळी स्पीकरवरून आवाज येतो, आज सहा डिग्री, वारा अमुक, होड्या नऊला. पाहुण्यांचे गट पाडलेले असतात, एक गट किनाऱ्यावर, दुसरा होडीतून हिमनदीसमोर चक्कर, मग अदलाबदल. त्याआधी, म्हणजे आपण नाश्ता करत असताना, बंदूकवाले गाईड पहिल्या होडीने पुढे गेलेले असतात, ते टेकाडावर चढून चारी बाजू दुर्बिणीने तपासतात, प्रत्येक खडकामागे बघतात, आणि अस्वल नाही अशी खात्री झाली की मग बाकीच्यांना बोलावतात. धुकं असेल तर लँडिंग रद्द. अस्वल दिसलं तरी रद्द. इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो, त्यांना वाटतं अस्वल दिसलं म्हणजे आता जवळ जाऊया. तसं नाहीच. २८ जुलै २०१८ ला स्वालबार्डच्या उत्तर टोकाजवळच्या सात बेटांमधल्या एकावर, पाहुणे उतरायच्या आधी तपासणीला गेलेल्या गार्डवर अस्वलाने हल्ला केला, त्याच्या साथीदारांनी अस्वलाला गोळी घातली, गार्ड वाचला, अस्वल मेलं. त्यावर जगभर मोठा गदारोळ झाला, की तुम्ही त्याच्या घरात जाता आणि त्यालाच मारता.

त्यानंतर नियम चांगलेच कडक झाले. १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर, कारण तेव्हा माद्या पिल्लांना घेऊन बर्फावर शिकार करत असतात. म्हणजे फोटोत दिसतं तसं जहाजाच्या टोकाखाली उभं राहून वर बघणारं अस्वल, ते जुने फोटो. आता मोठी लेन्स आणि चांगली दुर्बीण लागते, फोनवर पांढऱ्यावर पिवळसर ठिपका येईल. काही पर्यटक नाराज होतात, मला विचाराल तर नियम योग्य आहे, फक्त कंपन्यांनी जाहिरातीतले फोटोसुद्धा ३०० मीटरवरून काढलेले छापावेत म्हणजे झालं.

त्याच दिवसापासून लागू झालेला दुसरा नियम बुकिंगच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. स्वालबार्डची साधारण दोन तृतीयांश जमीन राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव क्षेत्रांत येते, आणि या सगळ्या संरक्षित भागात आता २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवेश नाही. शिवाय त्या भागात जमिनीवर उतरायचं तर ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच, बाकी सगळीकडे होडीतून बघा आणि पुढे व्हा. आता काही लक्झरी बोटींची क्षमता आहे अडीचशेच्या वर, मग त्या काय करतात, तर स्वालबार्डच्या फेरीला मुद्दाम खोल्या रिकाम्या ठेवतात, किंवा संरक्षित भाग टाळून जातात. पहिल्या प्रकारात तिकीट वाढतं, दुसऱ्यात तुम्ही जे बघायला आलात तेच राहून जातं. किनाऱ्याला चिकटलेला बर्फ फोडायलाही मनाई आहे, कारण सील त्याच्यावर पिल्लं घालतात आणि अस्वलं त्याच्यावरच शिकार करतात, तो फुटला की दोघांचं घर गेलं. जहाज बर्फाच्या कडेपर्यंत जाऊन थांबतं, सगळे डेकवर जमतात, समोर किलोमीटरच्या किलोमीटर पांढरं आणि आवाज म्हणून नुसती इंजिनाची घरघर. त्याच्या पुढे कायद्याने कोणी नेत नाही.

इंधनाचंही तसंच. जहाजं जे डांबरासारखं घट्ट स्वस्त तेल जाळतात, हेवी फ्युएल ऑइल, ते स्वालबार्डच्या सगळ्या पाण्यात १ जानेवारी २०२२ पासून बंद आहे, ते थंड पाण्यात सांडलं तर वर्षानुवर्षं विरघळत नाही आणि तिथे ते गोळा करायला माणसं तरी कुठून आणणार. हलकं डिझेल वापरावं लागतं, ते महाग. मोठ्या क्रूझ कंपन्यांचा पाय इथून मागे सरकायला हेही एक कारण झालं.

बघायला काय मिळतं ते सगळं सांगत बसले तर रात्र होईल, आणि उन्हाळ्यात तिथे रात्र होत नाही, लॉंगइयरबेनला साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. दोन-तीन जागांबद्दल मात्र थांबून सांगते. हिनलोपेन नावाची सामुद्रधुनी आहे, तिथे आल्केफ्येलेट हा उभा काळा कडा, त्यावर ब्रुनिश गिलेमॉट या पक्ष्यांच्या सुमारे ६०,००० जोड्या. होडीतून खाली गेलात की आवाज आणि वास दोन्ही एकदम अंगावर येतात. या पक्ष्याचं पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की नीट उडता येत नसतानाच कड्यावरून खाली समुद्रात उडी मारतं, खाली बाप थांबलेला असतो, आणि मग बापलेक दोघं पोहत दक्षिणेला निघतात, आई मागे राहते. खाली कोल्हे टपून असतात, उडी पाण्यात न पडता दगडावर पडली तर संपलं. ऑगस्टच्या मध्यानंतर गेलात तर हा सगळा कडा रिकामा, म्हणून तारीख बघून बुकिंग करायचं. दुसरी जागा नॉर्डऑस्टलँड बेटावरची आउस्तफोना हिमटोपी, तिची समुद्राला भिडलेली बर्फाची भिंत सुमारे १८० किलोमीटर लांब आहे, उन्हाळ्यात तिच्यावरून वितळलेल्या पाण्याचे धबधबे सरळ समुद्रात पडतात. तासन्‌तास जहाज शेजारून चालतं आणि भिंत संपत नाही.

आणि तिसरं म्हणजे थडगी. १५९६ ला विलेम बारेंट्स या डच खलाशाने ही बेटं पाहिली, त्यानंतर काही वर्षांतच युरोपातले लोक इथे देवमाशांच्या मागे आले, चरबी उकळून तेल काढायचं आणि युरोपातले दिवे लावायचे. स्मेरेनबर्ग नावाचं डचांचं ठाणं होतं, आज तिथे चरबी उकळायच्या भट्ट्यांचे दगड आणि घट्ट झालेली जुनी चरबी एवढंच उरलंय. माग्दालेना खाडीजवळ त्या खलाशांची शंभराहून जास्त थडगी आहेत. नियम असा की १९४६ च्या आधीची माणसाने सोडलेली कुठलीही वस्तू, गंजलेला डबा का असेना, आपोआप संरक्षित, हात लावायचा नाही. जवळच विर्गोहामना आहे, तिथून ११ जुलै १८९७ ला सलोमन आंद्रे हा स्वीडिश संशोधक आणि त्याचे दोन साथीदार बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि गायब झाले. ३३ वर्षांनी, १९३० मध्ये, क्वित्योया या पार पूर्वेच्या बेटावर त्यांचे अवशेष सापडले, सोबत डायऱ्या आणि कॅमेऱ्यातली फिल्म, ती फिल्म धुतल्यावर चक्क फोटो निघाले, बर्फावर आडवा पडलेला बलून आणि शेजारी उभी माणसं. या जागांवर जहाजावरचा इतिहासकार तासभर बोलतो, आणि खरं सांगायचं तर या सहलीत सूटपेक्षा हे तज्ज्ञ लोक जास्त मोलाचे, पक्षी, हिमनद्या, इतिहास, प्रत्येकाचा वेगळा.

आपल्यासाठी एक खास थांबा म्हणजे न्यू-ओलेसुंड, ७८ अंश ५५ मिनिटं. पूर्वी कोळशाच्या खाणीचं गाव, आता नुसतं संशोधनाचं. इथे १ जुलै २००८ ला भारताचं "हिमाद्री" स्टेशन सुरू झालं आणि ते चालवते आपली गोव्याची संस्था, वास्कोला हेडलँड सडा इथे असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. म्हणजे उत्तर ध्रुवापासून बाराशे किलोमीटरवर कोण कधी जाणार, काय मोजणार हे वास्कोमधून ठरतं. जुलै २०१४ मध्ये शेजारच्या कॉंग्सफ्योर्डनच्या पाण्याखाली "इंडआर्क" नावाची निरीक्षण यंत्रणा बसवली, आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीय वैज्ञानिक काळोख्या हिवाळ्यातसुद्धा तिथे काम करायला लागले. आपला मान्सून आणि आर्क्टिकचा बर्फ यांचा काही संबंध लागतो का, हाही त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. पर्यटकांना स्टेशनच्या आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघायचं. चीनच्या स्टेशनच्या दारात दगडी सिंह बसवलेले, फोटोला तिथेच गर्दी व्हायची. गावात शिरताना फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायला लावतात, कारण तिथल्या अँटेना लांबच्या अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात, तुमच्या इअरबड्सनी त्यात गोंगाट होतो. गावाच्या कडेला एक लोखंडी मनोरा आहे, ११ मे १९२६ ला अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचं "नॉर्गे" हे वायू भरलेलं, प्रचंड फुग्यासारखं हवाई जहाज तिथूनच निघालं आणि ध्रुवावरून अलास्काला गेलं.

आणि भारत तिथे कुठल्या हक्काने? ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये स्वालबार्ड करार झाला, सार्वभौमत्व नॉर्वेचं पण सही करणाऱ्या देशांच्या लोकांना तिथे राहायचा, धंदा करायचा समान हक्क. ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने सह्या झाल्या त्यात भारतही होता. म्हणून स्वालबार्डला आजही व्हिसाच लागत नाही. पण, आणि हा मोठा पण आहे, तिथे जायला वाटेत नॉर्वेची मुख्य भूमी लागते, ती शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आणि स्वालबार्ड नॉर्वेचं असूनही शेंगेनच्या बाहेर. म्हणजे ऑस्लोहून निघालात की तुम्ही शेंगेन सोडलं, परत आलात की पुन्हा प्रवेश. सिंगल एंट्री व्हिसा घेतला असेल तर परतीच्या वाटेवर दारात अडकाल. निदान डबल एंट्री पाहिजेच, अर्ज भरताना एजंटला चार वेळा सांगा.

आता धोक्याचं. जून १९८९ मध्ये "मॅक्सिम गॉर्की" हे सोव्हिएत क्रूझ जहाज स्वालबार्डजवळ बर्फावर आपटलं, जहाजावर साडेनऊशेच्या आसपास माणसं, बरेचसे जर्मन पेन्शनर, काहीजण बचावहोड्यांत आणि काही चक्क बर्फाच्या तुकड्यांवर. नॉर्वेच्या तटरक्षक दलाचं जहाज काही तासांत पोचलं म्हणून सगळे वाचले. सप्टेंबर २०२३ मध्ये "ओशन एक्सप्लोरर" ग्रीनलँडच्या ईशान्येला आल्पेफ्योर्डमध्ये गाळात रुतलं, २०६ माणसं, तीन दिवस तिथेच, भरतीच्या वेळी निघेल म्हणून वाट बघितली, निघालं नाही, शेवटी ग्रीनलँडच्या एका संशोधन जहाजाने ओढून काढलं. कोणाला इजा झाली नाही, पण या भागात मदत म्हणजे तासांचा नाही, दिवसांचा हिशोब हे पुन्हा दिसलं. म्हणूनच १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय पोलर कोडमध्ये असं आहे की मदत यायला निदान पाच दिवस लागतील असं धरून जगायची सामग्री जहाजावर हवी. शिवाय समुद्राचे नकाशे सगळीकडे पुरे नाहीत. हिमनदी मागे सरकली की तिच्या पुढ्यात जो नवीन समुद्र उघडा पडतो त्याची खोली आधी कोणी मोजलेलीच नसते, तिथे जहाज नेत नाहीत, होडी नेतात, तीही खोली मोजत मोजत आणि बर्फाच्या भिंतीपासून चांगली लांब, कारण कडा कोसळला की लाट येते.

म्हणून मेडिकल इव्हॅक्युएशनचा विमा. लॉंगइयरबेनचं हॉस्पिटल छोटं आहे, मोठं काही झालं तर विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ट्रॉम्सोला, आणि त्याआधी जहाजावरून हेलिकॉप्टरने लॉंगइयरबेनला, तेसुद्धा हवा आणि अंतर परवानगी देईल तेव्हा. बऱ्याच कंपन्या हा विमा दाखवल्याशिवाय जहाजावर घेत नाहीत. आपल्याकडच्या साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत ध्रुवीय भाग वगळलेला असू शकतो, कागद नीट वाचा, वयाच्या साठीनंतर तर दोनदा वाचा.

मग पैशाचा हिशोब. ढोबळमानाने सांगायचं तर साध्या एक्स्पिडिशन जहाजावर आठ-दहा दिवसांचे माणशी सात-आठ लाखांपासून सुरू, लक्झरीवर बारापासून वर पंचवीसपर्यंत सहज, विमानभाडं वेगळं, एकट्याला खोली हवी तर आणखी जास्त. यातलं शॅम्पेन, कॅव्हिअर, बटलर हे दिसतं ते, पण मोठा खर्च न दिसणारा आहे. हंगाम जेमतेम मे ते सप्टेंबर, बाकीचे महिने जहाज अंटार्क्टिकाला न्यायचं तर अर्धं जग ओलांडायचं. पाहुणे दोनशे आणि त्यांच्यामागे जवळपास तितकाच स्टाफ. मजबूत केलेलं जहाज, महाग इंधन, वीसेक होड्या, बंदूकवाले प्रशिक्षित गाईड, विमा. कोणी दोन सीटची पाणबुडी ठेवतं, कोणी हेलिकॉप्टर, पण स्वालबार्डमध्ये पर्यटकांना मौजेखातर हेलिकॉप्टरने फिरवायला परवानगी मिळत नाही, त्यामुळे ते बघून कोणी या फेरीचं तिकीट काढू नये. माझं स्पष्ट मत असं की लक्झरी आणि साधं यात किनारा तोच, अस्वल तेच, ३०० मीटरही तेच, फरक परत जहाजावर आल्यावरचा. गुडघे दुखत असतील, थंडी सोसत नसेल, जहाज लागत असेल तर स्थिर, मोठं, आरामाचं जहाज ही चैन नाही, गरज आहे, त्यांनी खुशाल पैसे घालावेत. तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाने शंभर पाहुण्यांचं साधं जहाज बघावं, कारण माणसं कमी तर किनाऱ्यावर वेळ जास्त.

जहाजावर गेलात की आणखी एक गोष्ट दिसेल, स्टाफमध्ये फिलिपिनो आणि भारतीय बरेच, आणि भारतीयांत गोव्याचे तारवटी हमखास भेटू शकतात, पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर काम केलेली घराणी आहेत तिकडे. शाकाहाराची, जैन जेवणाची सोय बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायची. आठ-दहा दिवस मध्ये कुठे बाजार नाही, जे निघताना चढलं तेच शेवटपर्यंत.

पर्यावरणाचा प्रश्न टाळून चालणार नाही. मुंबईहून विमानाने ऑस्लो, तिथून पुन्हा विमान, मग डिझेलवर चालणारं जहाज, आणि बघायला काय जायचं तर वितळणारा बर्फ. स्वालबार्ड जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने तापतंय, आणि १९७९ पासूनच्या उपग्रहाच्या नोंदी सांगतात की सप्टेंबरमधला आर्क्टिकचा समुद्री बर्फ दर दशकाला साधारण १२ टक्क्यांनी घटतोय. कंपन्या म्हणतात आमचे पाहुणे परत जाऊन आर्क्टिकचे राजदूत होतात. होत असतील काही. पण बाकीच्यांच्या प्रवासाचा धूर त्याने कमी होत नाही, हे मान्य करूनच जायचं तर जावं. आर्क्टिकमधल्या या क्रूझ कंपन्यांनी २००३ मध्ये एइको नावाची संघटना काढली, त्यांचे आपसातले नियम बरेच चांगले आहेत. किनाऱ्यावर जायच्या आधी बूट धुवायचे, कपड्याच्या शिवणीतल्या बिया व्हॅक्यूमने काढायच्या, वालरस झोपलेले असतील तर हळू, गप्प, एका रांगेत. यादीत कंपनीचं नाव आहे का ते बघता येतं.

कधी जायचं? मे-जूनमध्ये बर्फ भरपूर, डोंगर पांढरे, पण जहाज फार फिरू शकत नाही. जुलैमध्ये पक्षी, फुलं, कोल्ह्याची पिल्लं. ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त मोकळं पाणी, प्रदक्षिणेची शक्यता, पण डोंगर तपकिरी आणि अस्वलं बर्फाबरोबर उत्तरेला गेलेली किंवा बेटांवर विखुरलेली. सप्टेंबरमध्ये सूर्य खाली, उजेड सोनेरी, थंडी वाढलेली. सगळ्यांना हवा तो एकच महिना असा नाहीच.

बुकिंग करताना एजंटला हे विचारा: या फेरीला जहाजावर जास्तीत जास्त किती प्रवासी असतील, २०० च्या आत का वर? पीसी श्रेणी कोणती? बंदूकवाले गाईड किती, आणि एका वेळी किती जण किनाऱ्यावर? लीडर कोण आणि तो या भागात आधी गेलाय का? फेरी रद्द झाली किंवा अर्धवट राहिली तर पैशाचं काय? आणि टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पैशांवर एजंट सरकारसाठी आगाऊ घेतो तो कर, पावतीवर वेगळा दाखवणार का, कारण ती रक्कम पुढे रिटर्न भरताना आपल्या करात वळती होते. एजंट "सर, सगळं इन्क्लुडेड आहे" एवढंच म्हणाला तर सरळ कंपनीला ईमेल टाका, या कंपन्या उत्तर देतात.